नस्तास्याने न विचारलेला प्रश्न

अलास्कातल्या आमच्या नदीकाठच्या गावातून बाहेर जायला रस्ताच नाही, जे काही ते विमान. तिथल्या छोट्या विमान कंपनीच्या काउंटरवर नस्तास्या एकोणीस वर्षं बसते आणि मी सामान चढवतो. मूस या थोरल्या हरणांच्या शिकारीच्या दिवसांत माणसागणिक एक बंदूक असते. ती प्रत्येकाला विचारते, "रिकामी आहे ना? उघडून दाखव." मग पेटीला कुलूप, किल्ली मालकाकडे, गोळ्या वेगळ्या डब्यात. चर्चच्या पाद्रीबाबांनाही तिने सोडलं नाही.

सोडलं ते एकट्या वासिलीमामाला. तिच्या आईचा भाऊ, वय अठ्ठ्याहत्तर. आम्हा युपिक लोकांत वडीलधाऱ्यांना असं विचारणं म्हणजे तुमच्यावर विश्वास नाही, असं तोंडावर सांगणं. त्या दिवशी त्याच्या पेटीला कुलूप होतंच. तिने चिठ्ठी बांधली, मी पेटी चढवली.

संध्याकाळी वरच्या गावाहून मामाचा फोन आला. "पोरी, नळीत एक गोळी राहिली होती गं. काढली मी. कुणाला बोलू नकोस."

विमान सुखरूप पोचलं होतं. मी तिला म्हटलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प बस, नोकरी जाईल." चार पोरांची आई ती. मी चुकीचं बोललो, असं मला आजही वाटत नाही.

"आणि उद्या दुसऱ्यांना कुठल्या तोंडाने विचारू?" असं म्हणून ती घडल्या प्रकाराचा अहवाल लिहायला बसली. हे कळल्यावर मामाने पुन्हा फोन केला. "तू विचारलंस आणि मी खोटं बोललो, असं लिही." तिने लिहिलं, 'मी विचारलंच नाही.' मला तिचा राग आला आणि अभिमानही वाटला.

तिला महिनाभर बिनपगारी घरी बसवलं. परत घेतील की नाही, कुणी सांगेना. त्यात गावातल्या बायका म्हणत, "सख्ख्या मामाला कागदावर चढवलं हिने!"

घेतलं एकदाचं परत. त्या सकाळी रांगेत पहिला वासिलीमामाच, हातात बंदुकीची पेटी. मागे अर्धं गाव. नस्तास्या खाली मान घालून पुटपुटली, "मामा, रिकामी आहे ना?"

मामाने पेटी काउंटरवर ठेवून कुलूप काढलं.

"जोरात विचार," तो म्हणाला. "मागच्यांनाही ऐकू जाऊ दे."