लॅक्टेट किती आलं?

मुलांच्या आयसीयूतले किस्से कोणी जमवत नाही. ड्युटीनंतर चहाला बसलं की ते आपोआप निघतात. बाहेर शिकून बुलढाण्यात परतलो, तेव्हा मी लॅक्टेटने भारावलेलो होतो. शरीराला प्राणवायू कमी पडला की रक्तातलं लॅक्टेट चढतं. चढतच राहिलं तर मूल धोक्यात. "वाचेल ना?" या प्रश्नाला माझ्याकडे अखेर आकडा होता!

*

पहिल्याच आठवड्यात मोताळ्याच्या एका आजीने मला अडवलं. नातवाचं तिसरं सॅम्पल घेत होतो.

"अंगात रक्त कमी हाय म्हंता, अन् काढूनच राह्यले! काऊन हो डॉक्टर?"

तेव्हापासून एका टोचणीत सगळ्या तपासण्या उरकतो.

*

लॅक्टेट दोनच्या आत हवं; एका बाळाचं साडेसहा आलं. मी धावलो. आमच्या सगळ्यांत जुन्या रंजनासिस्टर मात्र शांत.

"बाळ दूध मागून राह्यलं, सर. सॅम्पलच्या वेळी हात झटकत होतं, म्हणून मी आवळून धरला. परत घ्या."

परत घेतलं. दीड!

"तो आकडा बाळाचा नव्हता, सर. माह्या मुठीचा होता!"

*

एका वडिलांना मी कागदावर आलेख काढून अर्धा तास समजावलं. ते मान हलवत राहिले. शेवटी म्हणाले, "समजलं, सर. आता सिस्टरले विचारतो."

*

बीबी गावची सात वर्षांची पूजा. न्यूमोनियाचं इन्फेक्शन रक्तात पसरलेलं. लॅक्टेट सात, मग नऊ. वडिलांनी हळूच विचारलं, "मामाले बोलावू का?"

"बोलवा ना! तुम्हालाही आधार होईल."

ते मटकन खाली बसले. रंजनासिस्टरनी मला बाजूला घेतलं. "शेवटचं तोंड पाहायलेच मामाले बोलावते इकडं, सर!"

दुपारी मामा आले. पूजाची आई दारातच आडवी आली. "दादा, आत येऊ नको. तुले पाहून पोरगी समजून जाईन."

मामा बाहेर पायरीवर बसले. आत येईनात, घरीही जाईनात. दर सॅम्पलनंतर मला विचारायचे, "किती आलं?" आठ. सहा. चार.

तिसऱ्या दिवशी दोनच्या खाली! पूजाने पोहे मागितले. मी धावत पायरीवर गेलो. "मामा, चला आत!"

त्यांनी डोळे पुसले, चप्पल घातली.

"जातो, सर. मी आल्तो, हे तिले सांगू नका."