जेट फुंकणारा मिलिंद

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत नाटकातल्या राक्षस झालेल्या पोराला गडगडाटी हसून दाखवत होतो. तोंड तसंच उघडं राहिलं…

आर्णीत पेट्रोलवर चालणारे फवारणीपंप दुरुस्त करायचं त्याचं दुकान होतं. भिंतीवर रद्दीतून कापलेल्या दोन इटालियन गाड्या. एक साठच्या दशकातली, लांब नाकाची, सहा कार्ब्युरेटरची. दुसरी नव्वदच्या दशकातली, कॉम्प्युटरवर चालणारी, दारं पंखांसारखी वर उघडणारी. मी दुसरीच्या प्रेमात, तो पहिलीच्या. आम्ही वीस वर्षं भांडलो. दोघांनीही दोन्हींपैकी एकही गाडी कधी पाहिली नव्हती!

"मास्तर, तुमची नवी बाई अडली तर काय करान? लॅपटॉप घेऊन इटलीचा साहेब बोलवान?"

"अन् तुझी म्हातारी?"

"तिचा जेट काढाचा, तोंडानं फुंकाचा, चालली पाह्य! या पंपाचा कार्ब्युरेटर तिच्याच घराण्यातला हाये."

असं म्हणून तो पंपाचा जेट, कार्ब्युरेटरमधली ती बारीक भोकाची पितळी नळी, ओठात धरून फुंकायचा. फवाऱ्याचं नोझल तुंबलं तर तेही तसंच.

मग कपाशीवर बोंडअळीचं वर्ष आलं. आम्ही वेड्यासारखे फवारत सुटलो आणि पंपही वेड्यासारखे बिघडले. दारावर त्याची पाटी होती : 'पंप धुवून आणा'. कोणी आणला? उरलेलं औषध उद्या कामी येईल म्हणून आम्ही टाकीत तसंच ठेवायचो आणि पंप त्याच्यापुढं आदळायचो. "मिलिंदा, आत्ताच पाह्यजे." तो नोझल फुंकायचा. दिवसाला दहा, पंधरा. एका दुपारी डोळ्यांपुढं अंधारी आली म्हणून बसला, तो परत उठलाच नाही.

बातमीत छापून आलं : 'स्वतःच्या निष्काळजीपणामुळे'. पुण्यानुमोदनाच्या दिवशी, शोकसभेत, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला एक गृहस्थ माइकजवळच म्हणाला, "तोंडानं कायले फुंकाव? चूक त्याचीच ना बाप्पा." मी सभ्य माणूस आहे, म्हणून फक्त खुर्ची आपटली. त्या गृहस्थाचा स्वतःचा पंप तेव्हाही मिलिंदच्या दुकानात पडला होता. औषधानं अर्धा भरलेला!

मिलिंदची बायको, शीलावहिनी, मला एवढंच म्हणाल्या, "मास्तर, ते निष्काळजी नव्हते. तुमी लिहिता नं, मंग लिहा."

लिहितो. निष्काळजी आम्ही होतो. औषधाच्या बाटलीवरचे बारीक धोके कोणी आमच्या भाषेत वाचून दाखवले नाहीत, हे खरं. पण दारावरची पाटी मराठीत होती.

गेल्या रविवारी दुकान उघडलं. लोक आपापले पंप न्यायला आले. वहिनी उंबऱ्यात बसल्या होत्या. मागच्या बाजूला त्यांनी खड्डा खणवून ठेवला होता. शेजारी पाण्याचा ड्रम, साबण, हातमोजे.

"धुवा," त्या म्हणाल्या. "माह्यासमोर."

पांढराशुभ्र गृहस्थ कुरकुरला. "वहिनी, घरी जाऊन धुतो नं."

"इथं."

त्यानं बाह्या सावरल्या. त्याच्यानंतर माझा नंबर होता. हो, माझाही पंप होता. मी टाकीत पाणी ओतलं, हलवून ती खड्ड्यात उपडी केली. दुधासारखं पांढरं पाणी निघालं. दुसरं पाणीही पांढरंच. मी वर पाहिलं.

"अजून," वहिनी म्हणाल्या.