माशांची पक्की माहिती

मासे पाळणाऱ्यांच्या घरात मासे टिकतीलच असं नाही, किस्से मात्र टिकतात. आमच्या दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये काचेची टाकी आली आणि माझ्याकडे किस्सेच किस्से झाले. कंपनीच्या बसमध्ये मी चढले की मैत्रिणी गुड मॉर्निंगच्या आधी विचारतात, "आज कोण गेलं?"

टाकी आणली सासूबाईंसाठी. त्यांना मी आत्या म्हणते. त्यांचा सगळा जन्म मेंढरांमागे गेला. पुढं मेंढरं विकली आणि आत्या वडगाव रासाईला वस्तीवर राहू लागल्या. तिथं धाकटे दीर आणि जाऊबाई दिवसभर उसात. घरी कुणी नसताना आत्या दोनदा अंगणात पडल्या, म्हणून आम्ही त्यांना इकडं घेऊन आलो. नवऱ्याची रेल्वेत शिफ्ट ड्युटी, त्यामुळे आमच्यापैकी कुणीतरी घरी असतं.

पण त्यांचं एकच पालुपद. "मला गावाकडं धाडा. हितं सकाळी उठून मोजायला बी काय न्हाई!"

म्हणून सात मासे आणले. आत्यांनी आमच्याकडे राहावं, एवढंच मला हवं होतं.

*

दुकानदारानं टाकी, पाणी, मासे असं सगळं एकाच दिवसात मांडून दिलं. वर सल्ला, "दर रविवारी सगळं पाणी बदला. खडे, स्पंज, सगळं नळाखाली चकाचक!"

दोन रविवारांत साताचे तीन झाले. मग मी मोबाईल धरला. एक व्हिडिओ म्हणे दिवसातून दोनदा खायला घाला, दुसरा म्हणे दोन दिवसांतून एकदा. तिसऱ्यानं मीठ टाकायला सांगितलं होतं. त्याच्याच खाली कुणीतरी लिहिलं होतं, "टाकलं. सगळे गेले."

मी कुरकुंभला औषध कंपनीत क्यूसी केमिस्ट, तपासण्या करणं हेच काम. शेवटी टाकीतलं पाणीच लॅबमध्ये नेलं. पीएच बघितला, हार्डनेस बघितला, आणि घरी येऊन ऐटीत सांगितलं, "आत्या, रिपोर्ट एकदम ओके!"

आत्या टाकीकडे बघत म्हणाल्या, "रिपोर्टात किती हायती? हितं दोनच हायती."

*

आमच्या कंपनीत सांडपाणी शुद्ध करतात त्या ईटीपीवर आप्पा नावाचे जुने ऑपरेटर आहेत. शुद्ध झालेल्या पाण्यात त्यांनी गप्पी मासे ठेवलेत, तपासणीला येणाऱ्या साहेबांना दाखवायला. कंपनीच्या सांडपाण्यात त्यांचे मासे ठणठणीत, आणि माझे नळाच्या पाण्यात गार! मी सरळ त्यांनाच गाठलं.

आप्पांनी एकच विचारलं, "म्याडम, स्पंज कुठं धुता?"

"नळाखाली. चांगला रगडून."

आप्पांनी कपाळावर हात मारला. "तिथंच घात हाय! माशांची घाण खाणारं जिवाणू त्या स्पंजातच ऱ्हात्यात. नळाच्या क्लोरिननं ते मरत्यात. आमच्या टाकीतलं जिवाणू मेलं तर मला मेमो मिळतो, आन् तुम्ही दर रविवारी मारताय!"

स्पंज टाकीतल्याच पाण्यात पिळायचा, पाणी थोडं थोडं बदलायचं, खायला हात राखून घालायचं. मोबाईलनं दोन महिन्यांत दिलं नाही ते या माणसानं रेलिंगला टेकून पाच मिनिटांत दिलं. त्यांचे उपकार कसे विसरू?

*

दुसऱ्या दिवशी आप्पांनी आपल्या टाकीतला काळाकुट्ट स्पंज माझ्या जेवणाच्या डब्यात घातला. "हा तुमच्या टाकीत सोडा. विरजण समजा."

गेटवर सिक्युरिटीवाल्यानं डबा उघडला. "म्याडम, हे काय?"

"विरजण."

त्यानं वास घेतला, झाकण घट्ट लावलं आणि गंभीरपणे बाहेर जाणाऱ्या मालाचं रजिस्टर उघडलं. "रिटर्नेबल का नॉन-रिटर्नेबल?"

*

विरजण लागलं! मग आप्पांनी पाच गप्पीही दिल्या. देताना म्हणाले, "दर महिन्याला पिल्लं देत्यात ह्या. मोजून थकाल!"

आत्यांचे पुन्हा सात झाले. रोज सकाळी चहाच्या आधी आवाज यायला लागला, "समदी हायती गं!"

तेवढ्यात धाकटे भाऊजी आईला भेटायला आले. टाकीतली झाडं पिवळी पडलेली बघून त्यांच्यातला ऊसवाला जागा झाला. गाडीतून मूठभर युरिया घेऊन आले. "वैनी, आठ दिसांत हिरवंगार करतो!"

मी ओरडायच्या आत आत्यांनी त्यांचं मनगट धरलं. "आरं, ह्यो खाल्ला तर मेंढरू मरतं. ती एवढुशी मासळी जगंल व्हय?"

*

मी दुकानातून आणखी दोन मासे आणले, तेव्हाही आत्या आडव्या आल्या. "बाजारातनं आणलेलं जनावर आल्या आल्या कळपात घालत्यात का? ऱ्हाऊ दे बादलीत."

मग एका सकाळी त्यांनी टाकीतला एक मासा दाखवला. "ते बाजूला पडलंय. आजारी हाय." मला तर काहीच दिसेना. संध्याकाळी त्याच्या अंगावर पांढरे ठिपके आले. लगेच वेगळा काढला म्हणून तोही वाचला आणि बाकीचेही.

सगळ्या जगाला विचारत बसले होते, आणि जाणकार बाई माझ्याच घरात चहा पीत होती.

*

तरी आत्यांनी जायचं नक्की केलं होतं. भाऊजी न्यायला येणार म्हणून पिशवी भरून दाराशी ठेवली होती. त्या दिवशी मी सुट्टी टाकली. आदल्या दिवसापासून मला जेवण गोड लागत नव्हतं.

भाऊजी आले, चहा झाला. "आई, चल."

आत्या टाकीसमोरून हलेनात. "आत्ता कशी येऊ? ती बघ, व्यायला झालीय. अशात सोडून जात्यात व्हय? ती व्याली की येते."

भाऊजींनी वाकून बघितलं. गप्पीचं पोट खरंच टम्म होतं. गाभण जनावर सोडून जा, असं आईला कसं म्हणणार? ते माझ्याकडे वळले. "वैनी, तुमाला तर ह्यातलं समदं ठावं. कवा मोकळं व्हायाचं हे?"

आत्या माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हटलं, "माशांची पक्की माहिती कुठं मिळते हो, भाऊजी!"