भोगीचा धूर आणि भाऊजींचं धुकं

आमचे शिरीषभाऊजी धुराने गेले. सर्टिफिकेटवर काहीही लिहू दे.

आज भोगी. वर्ष झालं.

आमच्या गावाकडे भोगीला मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली भाकरी. इथे चेन्नईत पहाटे दारादारात जुनं सामान जाळतात. इथल्या एन्नोर भागात नवीन राहायला आले तेव्हा मला वाटलं, आग लागली.

भाऊजी माझे धाकटे दीर. आमच्याकडेच राहायचे. आकाशाचा रिसर्च. दमा होता, पंप कायम खिशात.

मी चौथी शिकलेली, तरी जेवताना मलाच सांगायचे. ह्यांना झोप यायची.

"वहिनी, सुरुवातीला सगळ्या विश्वात धुकं होतं. हायड्रोजनचं."

"मग हटवलं कोणी? तुम्ही?"

"पहिल्या गॅलक्सींनी. त्यांच्या कडक प्रकाशाने अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे झाले. प्रत्येकीभोवती एक स्वच्छ बुडबुडा. बुडबुडे वाढले, एकमेकांना भिडले, सगळं निवळलं."

पण त्यांच्या लोकांत वाद होता. हे काम असंख्य बारक्या गॅलक्सींचं, की मोजक्या, हावरट ब्लॅक होल्सचं?

"ब्लॅक होल काळं ना? उजेड कुठला?"

"आत पडणारा गॅस तापतो, तो तळपतो."

"म्हणजे खाणारा गप्प आणि ताट बोंबलतंय!"

ठसका लागेपर्यंत हसले होते.

"तुमचं मत काय?"

"बारक्यांचा वाटा जास्त. एकेकीचा उजेड तो केवढा! पण आहेत किती बघा ना, वहिनी."

गेल्या भोगीला आधीच धुकं, त्यात धूर. कोपऱ्यावर कोणीतरी टायरचा ढीग पेटवलेला. बाकी प्रत्येक दारात एखादी चटई, एखादी फाटकी उशी. पोरं ढोलकी बडवतायत.

आत भाऊजींना श्वास मिळेना. मी शेजारच्या सेल्वीवर ओरडले, "विझव ते!"

"एक चटईच आहे अक्का. परवाइल्ल." म्हणजे, काही होत नाही.

पंप संपला. ऑटोवाल्याला समोरचा रस्ता दिसेना. हॉस्पिटलचं गेट येईपर्यंत भाऊजींनी माझ्या खांद्यावर मान टाकली होती.

नंतर आठवडाभर आमच्या घरी डबा पाठवला तो सेल्वीनेच.

टायरवाला सापडला तर त्याची मानगूट धरीन.
चटईवाल्यांचं काय करू?

आज पहाटे ह्यांनी माळ्यावरची जुनी चटई काढून दारात ठेवली. ह्यांनी! सख्ख्या भावाने!

"एकच तर आहे. इथली रीत आहे गं."

"आत आणा."

माझ्या तोंडाकडे बघितलं आणि गुपचूप आत आणली.

मग मी दार उघडून पाहिलं. धूर तेवढाच. समोरचं घर दिसत नव्हतं.

भाऊजी, एका चटईने काय होतं, हे तुम्हालाच विचारायचं होतं.

आमच्या दारात आज काही पेटलं नाही. माझी श्रद्धांजली एवढीच.