सदतीस किल्ल्यांचे फोटो

किल्लीवाले काकांचं दुकान म्हणजे दोन मोठ्या दुकानांच्या मधल्या फटीत बसवलेलं एक कपाट. काका आत शिरले की दुसरं काही आत शिरत नाही, गिऱ्हाईकसुद्धा नाही. भिंतीवर कोऱ्या किल्ल्या इतक्या दाटीनं टांगलेल्या, की जरा वारा आला तरी दुकान आपलं आपणच कुजबुजतं. खाली किल्ली कापायचं यंत्र, तीन कानशी, एक स्टूल आणि वर वडिलांचा फोटो.

वडिलांचाही धंदा हाच. त्यांच्या काळी यंत्र नव्हतं. साबणाच्या वडीत किल्लीचा छाप घ्यायचा आणि त्यावरून कानशीनं नवी किल्ली घासायची. किल्ली लागली, कुलूप उघडलं, की वडील गिऱ्हाइकाला थांबवून घेत आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याच साबणानं खसाखसा हात धुवत. छाप पाण्याबरोबर वाहून जाई. "किल्ली तुमची. आमच्याकडे राहिला तो नुसता फेस," असं म्हणत. सगळ्या बाजारात त्यांच्याइतके स्वच्छ हात कुणाचे नव्हते.

काकांनी ही शिकवण नुसती पाठ केली नव्हती, ते ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतही. कुणी चारही दारांना चालेल अशी एकच किल्ली मागितली, तर म्हणत, "मग चार कुलपं कशाला? एकच लावा आणि उरलेल्या तीन दारांना नमस्कार कळवा." कुणी पायपुसण्याखाली किल्ली ठेवतो म्हणालं, तर विचारत, "चोराला वाकायला जमत नाही असं कुणी सांगितलं तुम्हाला?" थोडक्यात, कुलपाच्या बाबतीत काका म्हणजे शेवटचा शब्द.

मग कॅमेऱ्याचा मोबाइल हाती आला, आणि किल्लीचा फोटो बघून किल्ली कापायची काकांना सवय लागली.

तसं ते कसब सोपं नाही. लोक पट्टीशेजारी किल्ली ठेवून फोटो पाठवत, काका दातन् दात मोजून संध्याकाळपर्यंत दुसरी किल्ली तयार ठेवत. या कौतुकाच्या भरात एक गोष्ट राहून गेली. फेस करायचा राहिला. परत कधी लागली तर, म्हणून काकांनी सगळे फोटो जपून ठेवले. एक वेगळा अल्बमच केला. प्रत्येक फोटोखाली गिऱ्हाइकाचं नाव, घर, मजला आणि पोहोचवताना उपयोगी पडेल असा एक शेरा. "बेल बिघडली आहे, दार वाजवणे." "नऊ ते सहा घरी कुणी नसते, किल्ली शेजारी देणे." "कुत्रा आहे, पण भुंकत नाही."

हे फोटो ज्या ऑनलाइन खात्यात साठत, त्याला सुनेनं दुहेरी कुलूप लावून दिलं होतं. पासवर्ड टाकला की फोनवर आकडे येणार, ते टाकल्याशिवाय आत प्रवेश नाही. तेलकट हातांनी ते आकडे टिपायचा काकांना कंटाळा. "माझ्याच घरात शिरायला मला दोनदा ओळख कशाला पटवायला हवी?" म्हणून त्यांनी एके दिवशी ते कुलूप काढून टाकलं. सुनेला सांगितलं नाही.

सोमवारी मेल आली. आपली जागा भरली आहे, चोवीस तासांत पासवर्ड देऊन खात्री न केल्यास सर्व फोटो पुसले जातील. एवढे कष्टाचे फोटो! काकांनी मेलमधल्या बटणावर बोट ठेवलं, उघडलेल्या पानावर पासवर्ड टाकला. पानानं आभार मानले. नुसतं तळहातावर तोलून नकली कुलूप ओळखणारा हा माणूस, त्यालाही ते पान अगदी घरचं वाटलं. संध्याकाळी एका अनोळखी कॉम्प्युटरवर आपलं खातं उघडल्याचा निरोप आला. काकांनी तो जाहिरात समजून बाजूला सारला.

बुधवारी सकाळी चहा घेताना त्यांनी तो निरोप सुनेपुढे धरला. "सूनबाई, या जाहिराती बंद कशा करायच्या गं?"

सून एका दवाखान्यात कॉम्प्युटरवर कागदपत्रं सांभाळते. तिनं वाचलं आणि कप खाली ठेवला.

"बाबा, सोमवारी पासवर्ड कुठे टाकलात?"

काकांनी सांगितलं. तिनं भराभर बोटं चालवली. पासवर्ड बदलला, खातं जिथं जिथं उघडं होतं तिथून सगळ्यांना बाहेर काढलं, दुहेरी कुलूप परत लावलं. ते काढलेलं दिसलं तेव्हा तिनं काकांकडे एकदा बघितलं.

"गेला ना तो? मग झालं," काका म्हणाले.

"गेला. पण जाताना काय घेऊन गेला ते कळायला मार्ग नाही. सगळं घेतलं असंच धरून चालायचं. खात्यात होतं काय?"

काकांनी अल्बम उघडून दिला. सून एकेक फोटो सरकवत गेली. कुत्र्याच्या शेऱ्यापाशी तिचं बोट थांबलं. एरवी ती पोट धरून हसली असती.

"काय झालं गं?" काकू आतून म्हणाल्या.

"काही नाही, आई."

सुनेनं आपल्याला पाठीशी घातलं, हे काकांना तिनं चार शब्द सुनावले असते त्यापेक्षा जास्त लागलं. त्यांनी स्वतःच आत जाऊन काकूंना सगळं सांगितलं.

काकूंनी हात पुसले. "तीस वर्षं लोकांना पायपुसण्यावरून बोललात. आणि स्वतः सदतीस घरांच्या किल्ल्या पायपुसण्याखाली ठेवल्यात, वर पाटी लावून."

सुनेनं घरांची यादी कागदावर उतरवून दिली. काकांना बरोबर नेऊन पोलिसांत तक्रारही नोंदवली; तिथल्या हवालदारानं "धंदा काय?" असं विचारलं, तेव्हा काकांनी "किल्ल्या" हे उत्तर टेबलाकडे बघत दिलं.

"आता एकेकाला खरं सांगायचं, बाबा."

"सांगायचं कशाला? कुलपाच्या पोटातल्या पिना बदलल्या की जुनी किल्ली मेली. मोफत सर्व्हिसिंग म्हणून देतो करून. गाजावाजा नको."

काकांनी पिशवी उचलली आणि पहिलं घर निवडलं ते बाईंचं. शाळेत काकांना गणित शिकवलेल्या बाई आता अठ्ठ्याहत्तरीच्या होत्या. सरळ जाऊन सरळ परत येता येईल, असं काकांना वाटलं.

बाईंनी साखळी न काढता फटीतून पाहिलं.

"बाई, मी किल्लीवाला. तुमच्या कुलपाची मोफत सर्व्हिसिंग करायची आहे."

"काय करायची आहे?"

"मोफत सर्व्हिसिंग!" काका ओरडले. वरच्या मजल्यावर दार उघडल्याचा आवाज आला.

"मोफत का?"

"अशीच. योजना आहे."

"मग नको," बाई म्हणाल्या. "मी मागितलेलं नसताना कुणी फुकट द्यायला आलं, तर आधी दार लावून घ्यायचं, असं बँकेतल्या मुलीनं मला चार वेळा सांगितलंय." आणि त्यांनी दार लावून घेतलं.

काका जिन्यात उभे राहिले. सोमवारी आपल्याला जे जमलं नाही, ते बाईंना साखळीमागून जमलं होतं. आणि आज दाराबाहेर उभं राहून खोटं बोलणारा माणूस आपण होतो. त्यांचे कान तापले. पुन्हा बेल दाबली.

"बाई, योजना बिजना काही नाही. माझी चूक झालीय."

साखळी निघाली. काकांनी उंबऱ्यावर उभ्या उभ्या सगळं सांगितलं आणि बाईंना नीट ऐकू जावं म्हणून मोठ्यानं सांगितलं, त्यामुळे ते सगळ्या जिन्यालाही समजलं.

"किल्लीचा फोटो पाठवला कुणी?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही."

"मग अर्धे गुण माझेही गेले. माझ्या फोटोखाली काय लिहिलं होतंस?"

"राहू द्या ना, बाई."

"वाच."

काकांनी फोन काढला. "बाई एकट्याच असतात. कानाने कमी. बेल दोनदा दाबणे."

"माहिती बरोबर आहे," बाई म्हणाल्या.

काकांना वाटलं, यापेक्षा पूर्वीसारखी हातावर छडी बसली असती तर सोसली असती. ते पिशवीतून हत्यारं काढायला वाकले, तशा बाई म्हणाल्या, "इथं पहिला का आलास? दिवसभर घरी कुणी नसतं अशी घरं आहेत ना तुझ्या यादीत? त्यांना फोन करून बोलावून घे आणि आधी तिकडे जा. मी साखळी लावून दाराशी खुर्ची टाकून बसते. माझं शेवटी कर."

"पण बाई, तुम्ही एकट्या..."

"ते वाचलंस की आत्ताच."

काका गेले. बुधवार, गुरुवार, यादी हातात घेऊन. प्रत्येक दारात आधी चूक सांगायची, मग पिना बदलायच्या, मग फोन गिऱ्हाइकाच्या हातात देऊन फोटो त्याच्याच बोटानं पुसायला लावायचा. पुसलेला फोटो महिनाभर फोनच्या कचऱ्याच्या डब्यात पडून राहतो, हे सुनेनं बजावलं होतं. म्हणून तिथूनही पुसायचा. एका गृहस्थानं भर जिन्यात अक्कल काढली. एका बाईनं काम करून घेतलं आणि नवी किल्ली लावून बघताना काकांना चार पायऱ्या खाली उभं केलं. ते खाली मान घालून उभे राहिले. बऱ्याच जणांनी चहा दिला आणि तो पिणं सगळ्यात अवघड गेलं. न भुंकणारा कुत्रा मात्र काकांवर जीव तोडून भुंकला. दोन दिवसांत तेवढ्या एकाच गोष्टीनं त्यांना बरं वाटलं.

चोरी कुठेच झालेली नव्हती. पण ती झाली नाही यात काकांचा हात नव्हता, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

गुरुवारी संध्याकाळी त्यांनी बाईंची बेल दोनदा दाबली.

"कोण?"

"किल्लीवाला. फुकट काही नाही, बाई. माझी चूक आहे."

दार उघडलं. दाराशी खरंच खुर्ची होती, तिच्यावर चष्मा आणि अर्धवट सुटलेलं शब्दकोडं. काकांनी कुलूप उघडून पिना बदलल्या, दोन नव्या किल्ल्या बाईंच्या हातावर ठेवल्या आणि फोन पुढे केला. बाईंनी चष्मा लावून स्वतःची किल्ली नीट पाहिली, खालच्या तीन ओळी पुन्हा एकदा वाचल्या आणि फोटो पुसला. मग डब्यातूनही पुसला. अल्बममध्ये आता काहीच उरलं नव्हतं.

"हात बघ कसले झालेत तुझे," बाई म्हणाल्या. "आत बेसिन आहे."

बेसिनवर साबणाची नवी वडी होती. तेल दोन मिनिटांत निघालं. काका तरी फेस करत राहिले, मनगटांपर्यंत, नखांमधून, पुन्हा मनगटांपर्यंत. बाईंना कमी ऐकू येतं, पण नळ फार वेळ वाहतो आहे हे त्यांनाही ऐकू आलं असावं. त्या शब्दकोड्यातून मान वर न करता बसून राहिल्या.