ब्रेकबाई बर्फावर

बाईंचं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे दोन गाड्या, एक फळा आणि त्या स्वतः. दोन्ही गाड्यांना शेजारच्या सीटपुढे एक जादा ब्रेक बसवलेला होता आणि गेली कित्येक वर्षं बाईंचा पाय दिवसभर त्या ब्रेकवर टेकलेला असायचा. परिणाम असा झाला, की बाई कुठल्याही वाहनात बसल्या की पाय आपोआप दाबला जायचा. बसमध्ये दाबला जायचा, विमानात दाबला जायचा, एकदा दवाखान्याच्या लिफ्टमध्येही दाबला गेला. शिकणारी मंडळी पाठीमागे त्यांना ब्रेकबाई म्हणायची. बाईंच्या ते कानावर होतं. याहून वाईट नावं पडलेले मास्तर त्यांच्या पाहण्यात होते, त्यामुळे त्यांची काही तक्रार नव्हती.

त्या वसंतात मुलाबरोबर बर्फावर जायचं होतं ते खरं तर बाईंच्या नवऱ्यानं. मुलगा लांबच्या शहरात कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता. तिथल्या क्लबात तो स्की करायला शिकला होता आणि हंगाम संपायच्या आत बाबांना एकदा घेऊन जायचं असं त्याच्या डोक्यात होतं. खोली ठरली, डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टचे पास काढून झाले. मग निघायच्या आदल्या आठवड्यात नवऱ्यानं आपल्या औषधाच्या दुकानातून फोन केला.

"माझ्या गुडघ्याला थंडी मानवत नाही," तो म्हणाला.

"वसंत ऋतू आहे," बाई म्हणाल्या.

"ते बर्फाला कुणी सांगितलंय का?"

शेवटी त्याच्या जागी बाई गेल्या.

मुलाचं घरातलं नाव ठोंब्या. तान्हा असताना तो इतका गुबगुबीत होता की उचलणाऱ्याचा हात भरून यायचा. आता तो ताडमाड आणि काटकुळा झाला होता, पण नाव बदलायला कुणाला सवड झाली नव्हती. बाईंनी निम्म्या गावाला गाडी शिकवली होती, या एका माणसाला मात्र त्यांना शिकवता आलं नव्हतं. एका सिग्नलपाशी दोघांची जुंपली तेव्हा तो गाडीतून उतरून सरळ चालत घरी गेला होता. पुढे तो दुसऱ्या एकाकडे शिकला. त्या दुसऱ्याचं स्कूल बाईंच्या स्कूलच्या समोरच्याच फुटपाथवर होतं, हे बाईंना जरा लागलं होतं.

हॉस्टेलच्या दारात त्यानं सामान गाडीत टाकलं आणि तो शेजारी बसला. "या वेळी मी शिकवणार," तो म्हणाला.

"बघू," बाई म्हणाल्या आणि त्यांनी आरसा नीट केला.

डोंगराच्या पायथ्याशी पोचल्यावर पार्किंगमधून पाण्याचे ओहोळ वाहत होते. छपरांच्या कडांवरून बर्फाचे लोंबते तुकडे सुटून पडत होते आणि लोक स्वेटर कमरेला बांधून, गॉगलपुरते पांढरे राहिलेले चेहरे घेऊन हिंडत होते. सकाळी बर्फ काचेसारखा कडक असायचा आणि दुपारी त्याची ओल्या खडेमिठासारखी गत व्हायची. दोन्हींच्या मध्ये थोडा वेळ तो चांगला असतो, असं ठोंब्यानं सांगितलं. तो थोडा वेळ बाई बूट चढवण्यात घालवत. ते बूट घालून चालायचं म्हणजे दोन्ही पाय प्लास्टरमध्ये असताना जिना उतरण्यासारखं होतं.

शिकाऊ लोकांचा उतार असा होता, की त्यावर सायकल सोडली असती तर ती विचार करत उभी राहिली असती. बाईंचा पाय मात्र आपोआप दाबला गेला.

"स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब," ठोंब्या म्हणाला. "टाचा बाहेर ढकल."

"ब्रेक कुठाय?"

"हाच ब्रेक."

"हा ब्रेक नाही. हे अवघडून बसणं आहे."

"आई, घाबरू नकोस."

हे वाक्य बाईंनी आपल्या स्कूलमध्ये बंद केलं होतं. घाबरू नकोस म्हटलं की समोरच्याला पहिल्यांदा कळतं, की घाबरण्यासारखं काहीतरी आहे. तसं त्या ठोंब्याला समजावून सांगत होत्या, तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की आपण केव्हाच निघालो आहोत आणि ठोंब्याचा आवाज आता बराच मागून येतो आहे. उताराच्या खाली एका बाकावर दोन म्हातारे कॉफी पीत बसले होते. बाई त्या बाकाखाली जाऊन थांबल्या. म्हाताऱ्यांनी वेळेवर आपापले कप वर उचलले होते. बाई बाहेर निघाल्यावर त्यांनी ते पुन्हा खाली ठेवले आणि आपलं बोलणं पुढे चालू केलं.

असं सकाळभर चाललं. बाई कुंपणाला भेटल्या, जाळीला भेटल्या, एकदा उलट्या दिशेनं, म्हणजे पाठ खाली करून, उतार पुरा उतरल्या. ठोंब्या दर वेळी येऊन उठवायचा, अंगावरचा बर्फ झटकायचा आणि तेच पुन्हा तितक्याच शांतपणे सांगायचा. तो एकदाही चिडला नाही. बाईंना ते थोडं खटकलं. त्याच्या जागी त्या असत्या तर केव्हाच चिडल्या असत्या.

दुपारी दोघं कँटीनमध्ये गेले. सगळ्यांच्या बुटांतला बर्फ वितळून फरशी चिंब झाली होती आणि घसरण्याची सूचना देणारी पिवळी पाटी मधोमध उभी होती. बाई टेबल धरून बसल्या. ठोंब्या ट्रेमध्ये सूपचे दोन वाडगे घेऊन निघाला. पाटीला वळसा घालता घालता त्याचा पाय सटकला आणि तो खांद्यावर आदळला. ट्रे मात्र त्यानं दुसऱ्या हातानं वरच्या वर धरून ठेवला होता. सूपचा थेंब सांडला नाही. हे त्यानं पुढे भेटेल त्याला सांगितलं.

आवाज बाईंना टेबलापाशी ऐकू आला. कसला आवाज ते त्यांना लगेच कळलं आणि तशा बुटांतही त्या त्याच्यापर्यंत कशा पोचल्या, ते त्यांना नंतर आठवेना.

पायथ्याशी छोटा दवाखाना होता. दारात डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. डोक्यावर वाकडं झालेलं हेल्मेट, कानात बर्फ आणि गुडघ्यापर्यंत भिजलेली पँट अशा अवतारात आलेल्या बाईंना पाहून त्यांनी हात पुढे केला. "या, या. जपून. कुठं लागलंय?"

"मला नाही. ह्याला."

डॉक्टरीणबाईंनी ठोंब्याकडे पाहिलं. एक ओला खांदा सोडला तर तो कोरडा, नीटनेटका आणि पांढराफटक होता. "कुठल्या उतारावर पडलास?"

"कँटीनमध्ये."

"हं," त्या म्हणाल्या. "वसंतात निम्मे कँटीनचेच येतात."

कॉलरबोन मोडलं होतं. त्याला प्लास्टर नसतं, नुसता हात गळ्यात बांधतात आणि वाट पाहायला सांगतात. बाईंनी नवऱ्याला फोन लावला आणि हाड मोडल्याचं सांगितलं. "अरे देवा," नवरा म्हणाला. "फार दुखतंय का तुला?"

खोलीवर आल्यावर बाई सामान आवरायला लागल्या. ठोंब्या पलंगाच्या कडेला ताठ बसून बघत होता.

"परत कशाला जायचं?" तो म्हणाला. "गाडीत हिसके बसले की जास्त दुखेल. राहू या इथंच. तू शीक."

"तू असा, आणि मी घसरगुंडी खेळू?"

"मी बसून बघीन. नाहीतरी दुसरं काही मला जमणार नाहीये."

मोठ्या माणसांचे वर्ग हंगाम संपत आल्यामुळे बंद झाले होते. चालू होता फक्त लहान मुलांचा वर्ग. शिकवणारी मुलगी ठोंब्याच्याच वयाची असावी. तिनं बाईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं, एक पिवळं जाकीट दिलं आणि रांगेत सगळ्यात मागे उभं केलं. जाकीट कमरेच्या वर संपत होतं. बाईंच्या पुढे पुढचे दात पडलेली एक चिमुरडी उभी होती.

"तू केवढी आहेस?" तिनं वळून विचारलं.

"बरीच मोठी."

"मग तुला कसं येत नाही?"

"कुणी शिकवलंच नाही."

चिमुरडीला हे पटलं. तिनं बाईंना आपल्या मागोमाग येण्याची परवानगी दिली.

बाई वाईट विद्यार्थिनी निघाल्या. मुलं सांगितलं की करायची. बाई आधी का म्हणून विचारायच्या. शिकवणारी मुलगी उत्तर द्यायच्या भानगडीत पडत नसे. "खाली बघू नका, पुढे बघा," एवढंच म्हणायची आणि पुढच्याकडे वळायची. बाईही गाडीत लोकांना दिवसभर हेच सांगत. पण पुढे बघायला सांगितलेल्या माणसाला पुढे काय दिसतं, हे त्यांना आत्ता कळलं. पुढे सगळा उतारच दिसतो. आपल्याकडे गाडी शिकणाऱ्या एक कारकूनबाई दर वळणावर डोळे मिटायच्या आणि त्यांच्यावर आपण किती आवाज चढवायचो, ते त्यांना आठवलं. एकदा चिमुरडी आपण होऊन त्यांच्यासाठी थांबली. बाईंनी तिला मनापासून थँक्यू म्हटलं आणि दोघी मिळून पडल्या.

दुपारी कँटीनच्या बाहेर उन्हात टेबलं मांडलेली असायची. ठोंब्या तिथं गळ्यात हात घेऊन बसलेला असे. बाईंनी त्याच्या पावाचे तुकडे करून दिले, न विचारता आणि त्याच्याकडे न बघता. त्यानं ते घेतले. थोडं खाल्ल्यावर तो म्हणाला, "मला स्कीची काही आवड नव्हती."

"मग?"

"पहिल्या वर्षी मी मेसमध्ये एकटाच जेवायचो. सगळ्यांचे आपापले ग्रुप होते. मी उशिरा जायचो, म्हणजे कुणी बघायला नको. मग क्लबची नोटीस लागली. तिच्यात लिहिलं होतं, परत येताना सगळे एकत्र जेवतील. म्हणून नाव दिलं."

बाईंनी चमचा खाली ठेवला. "मी फोनवर विचारलं की तू मजेत म्हणायचास."

"तू गाडीतून फोन करायचीस, आई. मागं कुणीतरी हॉर्न वाजवत असायचं. मध्येच तू ओरडायचीस, क्लच, क्लच. त्यात काय सांगणार?"

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. नसल्यामुळे बाईंना ते जास्त झोंबलं. बोलायला म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि त्यातून निघालं ते एवढंच: "सूप गार होतंय."

ठोंब्यानं सूप प्यायलं. समोरच्या उतारावर पिवळ्या जाकिटांची रांग एका वळणावर कोलमडली आणि पुन्हा उभी राहिली.

"आता कुणाबरोबर जेवतोस?" बऱ्याच वेळानं बाईंनी विचारलं.

"आहेत चौघं. त्यातला एक फार बोलतो."

"कशाबद्दल?"

मग ठोंब्या सांगत बसला. तो मित्र कशाबद्दल बोलतो, दुसऱ्यानं खोलीत कासव कसं लपवून ठेवलंय, तिसऱ्याची आई दर आठवड्याला लोणी कशी पाठवते. बाई मध्ये बोलल्या नाहीत. दुपारचा वर्ग सुरू झाल्याची शिट्टी वाजली तरी त्या उठल्या नाहीत. शेवटी ती चिमुरडीच स्की ओढत टेबलापाशी आली आणि सगळे खोळंबलेत म्हणून सांगून गेली.

शेवटच्या दुपारी वर्ग खुर्चीच्या लिफ्टनं वर गेला. वरून पायथ्याची घरं काड्यापेट्यांएवढी दिसत होती. ठोंब्या साध्या बुटांनी कडेच्या पायवाटेनं निम्म्या चढापर्यंत येऊन थांबला होता. मुलं एकामागून एक सुटली. बाईंनी टाचा बाहेर ढकलल्या आणि त्या निघाल्या. पहिलं वळण झालं. दुसरं झालं. तिसऱ्यापाशी ठोंब्या उभा होता आणि मोकळा हात हलवत होता. बाईंना उलट हात हलवायचा होता, पण सगळे अवयव कामात होते. त्या त्याच्या समोरून ताठ मानेनं, एखाद्या परक्या माणसासमोरून जावं तशा निघून गेल्या.

खालच्या अंगाला ऊन लागून बर्फ संपला होता. बाईंच्या स्की तपकिरी गवतावर गेल्या आणि थांबल्या. बाई कमरेत वाकल्या, दोन्ही हात पुढे गेले, पण पडल्या नाहीत. शिकवणाऱ्या मुलीच्या मते थांबणं ते थांबणं, मग ते गवतानं का असेना. तिनं पिवळं जाकीट परत घेतलं.

ठोंब्या धापा टाकत, चिखलानं माखलेल्या बुटांनी आला.

"घाबरलीस?"

"हो."

"मजा आली?"

"ते अजून ठरलेलं नाही," बाई म्हणाल्या. पण त्यांनी स्की सोडायला बराच वेळ लावला आणि तोवर त्या वरच बघत होत्या.

परतीच्या वाटेवर ठोंब्या उशीला टेकून झोपला. हिसके बसू नयेत म्हणून बाईंनी इतकी हळू गाडी चालवली की एका ट्रॅक्टरनं त्यांना मागे टाकलं.

गावात बातमी नवऱ्याच्या दुकानातून गेली होती, त्यामुळे पुढे कितीतरी दिवस लोक बाईंना खांदा कसा आहे म्हणून विचारत होते. बेकरीवाल्यानं तर त्यांची पिशवी हातातून काढून घेऊन गाडीपर्यंत पोचवली. आपण नव्हे, मुलगा पडला, असं बाई सुरुवातीला समजावून सांगत. नंतर त्या "बराय आता" एवढंच म्हणू लागल्या. ठोंब्याचं हाड जुळलं, पण एक बारीकसा उंचवटा राहिला. कारकूनबाई यथावकाश पास झाल्या. वळणावर त्या अजूनही एक डोळा मिटतात.

पुढच्या हिवाळ्यात तिकडे बर्फच नीट पडला नाही आणि हंगाम सुरू न होताच संपला. तरी वसंतात ठोंब्याला सुट्टी लागली तेव्हा तिघंही गेले, नवऱ्यासकट. लिफ्टच्या खुर्च्या वर टांगून ठेवलेल्या होत्या आणि शिकाऊ उतारावर मेंढ्या चरत होत्या. नवऱ्यानं सतरंजी पसरली आणि गुडघा लांब केला. "हे बरं आहे," तो म्हणाला. मायलेकरं आधी कुठं आपटली, कुठं थांबली, ते ठोंब्या त्याला बोटानं दाखवत होता आणि बाई मध्ये मध्ये दुरुस्त करत होत्या.