गच्चीवरचा निळा ड्रम

ड्रम उघडायचा दिवस ठरला तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. लालबागच्या आमच्या चाळीच्या गच्चीवर, भोकं पाडलेल्या त्या निळ्या ड्रममध्ये मी आधी घराघरांतली सालं, देठं, चहाचा चोथा भरला, वर सुका पाला आणि आंबट ताकाचा हबका. मग दोन महिने झाकण न काढता नुसता आडवा लोळवत राहिले. सेक्रेटरींची अट एकच: उघडल्यावर वास आला तर सगळं दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या गाडीत. म्हणजे माझं खत डंपिंगच्या डोंगरावर, आणि मी चाळभर चेष्टेचा विषय. ती सुरू झालीच होती. जिन्यात भेटेल तो विचारायचा, "काय वहिनी, शिजलं का?"

सासूबाईंकडे मी देवाची फुलंही मागितली होती. म्हटलं, फक्त हारांचे दोरे काढून द्या, ते कुजत नाहीत. "देवाची फुलां केरात टाकतलस?" एवढंच बोलल्या. निर्माल्याची पिशवी दाराआडच्या खिळ्यालाच राहिली. सुट्टीला ती दादरच्या समुद्रात जायची. मला फार राग आला होता, खोटं कशाला बोलू.

रविवारी सकाळी अर्धी चाळ गच्चीवर. गुडघे धरून सासूबाईसुद्धा आल्या. सेक्रेटरींनी रुमाल आधीच नाकाला लावलेला. मी झाकण काढलं, श्वास रोखला आणि ड्रम गोणपाटावर आडवा केला. काळाभोर, भुसभुशीत चुरा! एक साल ओळखू येईल तर शपथ. मी इतकी हरखले की ओंजळ भरून थेट सेक्रेटरींच्या तोंडापुढे धरली. ते मागे सरकले, मग हळूच रुमाल खाली आला. "मातीचाच आहे की वास," ते म्हणाले. मला तिथेच नाचावंसं वाटत होतं.

सासूबाईंनी चिमूट उचलून हुंगली. "वास येणा नाय गो," म्हणाल्या आणि गुमान खाली निघून गेल्या. माझा उत्साह जरा ओसरला.

पाच मिनिटांनी त्या परत वर आल्या. हातात खिळ्यावरची पिशवी होती. मी आत डोकावले. झेंडू, जास्वंद, दुर्वा, सगळं सुटं. दोरा एकही नव्हता. मी घाईघाईने रिकाम्या ड्रमकडे वळले, तशी त्यांनी मला अडवलं.

"आधी चपला काढ."

मी काढल्या. सेक्रेटरींनीही काढल्या.